फटफटीचा पाळणा आणि राहिलेली ओटी

आमच्या घरात गोव्याचं नाव निघालं की सासू-सासरे एकदम बोलायला लागायचे. सासरे म्हणायचे, "माजी निम्मी हाडं तितल्या रुळावर झिजली." सासू म्हणायच्या, "हाडं ऱ्हाऊ द्या वो, माजी वटी ऱ्हायलीया." मग कुणाचं मोठं यावरून दोघांची जुंपायची आणि भाकऱ्या माझ्या करपायच्या.

या ओटीचं आधी सांगते, म्हणजे पुढचा तमाशा कळेल. मुळशी धरणाच्या पाण्याखाली शेतं गेली तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, पोटामागं फिरत फिरत बेळगावच्या पुढं रेल्वेच्या कामावर लागले. ती लाईन घाट उतरून गोव्यात जायची. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, बरोबर होत्याच. तिथं गोव्याच्या हद्दीत, जंगलातल्या झोपडीत, त्यांचा एकुलता एक मुलगा तापानं फणफणला. डॉक्टर नाही, वैद्य नाही, झाडपाला करून झाला. शेवटी शेजारणीनं सांगितलं म्हणून आत्याबाई तिथल्या देवीपुढं जाऊन बसल्या आणि बोलल्या, "एवडं प्वार वाचू दे. ह्याचं लगीन झालं की सून घिऊन ईन आन् माज्या हातानं तुजी वटी भरीन." पोर वाचलं. चांगलं दांडगं झालं, आईबापाबरोबर मुळशीत परत आलं, भाताच्या गिरणीवर कामाला लागलं आणि पंचावन्न साली माझ्या गळ्यात पडलं.

त्याच साली गोव्याची सरहद्द बंद झाली. सत्याग्रह झाला, गोळ्या चालल्या, आगगाडी थांबली. सगळ्या देशाला त्याचं वाईट वाटलं, पण आत्याबाईंचं ठाम मत होतं की फिरंग्यांनी हे सगळं त्यांची ओटी अडवायलाच केलं.

आणि घाई होती. ओटी भरायची ती सवाष्णीनं, असा आमच्याकडचा रिवाज. मामंजी आत्याबाईंपेक्षा बरेच मोठे, त्यात दमेकरी. त्यांचं काही बरंवाईट झालं तर आत्याबाईंच्या हातची ओटी देवीला चालायची नाही. हे घरात कुणी आडून बोलत नसे. मामंजींना उबळ आली की आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावायच्या, पाठीवरनं हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "दमानं वो, दमानं. माजी वटी ऱ्हायलीया अजून." मामंजी खोकता खोकता हसायचे. "हिनं मला मरायला बंदी घातलीया," हे ते आल्यागेल्याला मोठ्या अभिमानानं सांगायचे.

दर वर्षी आंबेमोहराची कापणी झाली की आत्याबाई नव्या तांदळाची पहिली ओंजळ गाडग्यात ओटीसाठी बाजूला काढायच्या आणि आधीच्या वर्षीची माझ्या हवाली करायच्या. मी मुकाट्यानं त्याचा भात करायचे. देवीचा भात वर्षातनं एकदा आम्हीच खायचो.

साठ सालच्या दिवाळीनंतर आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लष्कराच्या लिलावातनं फटफटी आणली. नुसती नाही, बाजूला एक डबा जोडलेली. त्याला साइडकार म्हणतात हे शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, पण गावानं त्याला पाळणा म्हटलं आणि तेच नाव राहिलं. मी विचारलं, "घरात तवा फुटलाय, आन् हे धूड कशापायी?" तर म्हणाले, "आईला गोव्याला न्यायची." आत्याबाईंनी तिथल्या तिथं फटफटीला हळदकुंकू लावलं. मला पुढं काही बोलता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं. मी पुण्याच्या पलीकडचं काही बघितलं नव्हतं.

मालकांचे सोबती तीन. एक पौडचे सायकलवाले भाई. पौडच्या बाजारात त्यांचं बापापासूनचं दुकान. बोलणं आमच्यासारखंच, फक्त नट हरवला की "या अल्ला" म्हणायचे. त्यांनी चार मोडक्या गाड्यांतनं एक चालती फटफटी उभी केली होती. दुसरा जवळच्या रिहे गावचा पैलवान. त्याच्या सासऱ्यानं लग्नात बैल द्यायचा कबूल करून ऐनवेळी जुनी फटफटी दिली होती, आणि तो तिला बैलासारखीच वागवायचा. चढ चढून आली की उतरून तिच्या टाकीवर थोपटायचा. तिसरे ते मास्तर, मूळचे पुण्याचे. त्यांच्याकडं फटफटी नव्हती, पण नियोजन होतं. हा शब्द आमच्या गावात त्यांनीच आणला.

झालं, रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर नियोजन सुरू. चहा माझा, गूळ माझा, ओसरीही माझीच सारवलेली. त्या सारवलेल्या जमिनीवर मास्तर खडूनं रस्ता काढायचे. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, मग घाट, मग सरहद्द, मग गोवा. सकाळी मी सारवायला बसले की सगळं पोतेऱ्याखाली. संध्याकाळी मास्तर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहायचे.

"वहिनी, कोल्हापूर कुठे गेलं?"

"शेणात."

"अहो, कालच किती बारकाईनं काढलं होतं!"

"मग आमच्या ओसरीवर कशाला काढता? शाळंत फळा न्हाई का?"

मास्तर परत वाकून काढायचे, आणि दर खेपेला गोवा हलायचा. एकदा तो उंबऱ्यापाशी आला, एकदा जात्याच्या पलीकडं गेला, आणि एकदा पैलवान मध्ये मांडी घालून बसल्यामुळं रस्ता वळून मामंजींच्या खाटेखाली गेला. मामंजी खाटेवरून वाकून बघत म्हणाले, "बरं झालं. गोवा खाटंखालीच आला. आता हिला म्हनावं वाक आन् भर वटी."

सरहद्द कशी ओलांडायची यावर तर महिना गेला. परवाना मिळतो म्हणे, पण कुणाला मिळतो ते कुणालाच माहीत नव्हतं. पैलवान म्हणाला, "आडवा बांबूच असतुया न्हवं? मी उचलून धरतो, तुमी खालनं जावा." भाईंचं म्हणणं, जंगलातनं वाटा असतात, पण फटफटीचा आवाज दोन कोस जातो, तेव्हा तेवढं अंतर ढकलत न्यावं. मामंजींना हे सगळं पोरकट वाटायचं. "मला घिऊन चला. मी तितं रुळं टाकल्यात. मला कोन अडीवतंय?" ते म्हणायचे आणि लगेच त्यांना उबळ यायची, आणि आत्याबाई तांब्या घेऊन धावायच्या.

मग मामंजींनी नारळांचं काढलं. देवीची ओटी घेऊन निघालेल्या माणसानं कुठल्याच गावाची शीव रिकाम्या हातानं ओलांडायची नाही, प्रत्येक शिवेला नारळ फोडायचा, असं त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचं होतं. मास्तरांनी वाटेतली गावं मोजायला घेतली आणि सातारा यायच्या आतच खडू खाली ठेवला. भाई म्हणाले, "मामा, कोकणाच्या बाजूला आपन नारळाचं पोतं घिऊन चाललो तर लोक आपल्याला येड्यात काढतील." पुष्कळ घासाघीस होऊन ठरलं की तालुक्याच्या शिवेला एक आणि देशाच्या शिवेला दोन. तरी पोतं झालंच.

ते पोतं ठेवायला जागा कुठली? पाळणा. पेट्रोलचे डबे कुठं? पाळण्यात. भाईंचे पान्हे, पैलवानाचं तूप, मास्तरांचा स्टोव्ह आणि पुस्तकं, सगळं पाळण्यात. रोज एकेक वस्तू वाढत गेली आणि मी आतनं ऐकत होते. ऐकताना काहीतरी चुकतंय असं वाटायचं, पण मला कुणी विचारलं नाही, आणि चहाचं आधण उतू जात असतं तेव्हा माणसाला सगळं सुचत नाही.

माघात देवाचा कौल घ्यायचं ठरलं. आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि सवाल घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळा गाव जमला. गुरवानं सवाल घातला, "ह्या चौघांनी वटी घिऊन गोव्याला जावं का?" पैलवान अगदी पुढं होता, आणि त्याचा श्वास म्हणजे भाता. गुरव ओरडला, "आरं मागं हो, तू फुंकरीनं पाडशील." तो मागं सरकला तोच कळी पडली. डावी.

मालकांचं तोंड उतरलं. पण मामंजी उभे राहिले, काठी टेकत पुढं गेले आणि म्हणाले, "पुन्यांदा लाव."

"देवानं न्हाई म्हनलंय," गुरव म्हणाला.

"देव न्हाई म्हनत नसतो. डावा कौल म्हंजी सवाल वाकडा गेला. नीट इचार. म्हनावं, पोरांनी गाड्या गावाभायेर काढाव्या का?"

गुरव कुरकुरला, पण मामंजींपुढं कुणाचं चालायचं नाही. कळ्या परत लावल्या, सवाल परत घातला, आणि उजवी पडली. मामंजी सगळ्या गावाकडं बघून म्हणाले, "बगितलं? इचारायचं कळाया पायजे." ते जन्मभर देवाशी असंच वागले. मनासारखा कौल मिळेपर्यंत सवाल बदलायचे, आणि देवही त्यांना कंटाळून हो म्हणत असावा.

निघायचा दिवस उजाडला. तीन फटफट्यांना झेंडूचे हार, लिंबू-मिरची, सगळं यथासांग. हलगीवाला आला. आत्याबाई पहाटेच न्हाल्या होत्या. नवं लुगडं, नाकात नथ, हातात बोचकं, त्यात खण, नारळ आणि गाडग्यातला आंबेमोहर. त्या पायरी उतरून सरळ पाळण्यापाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. पाळणा काठोकाठ भरलेला.

"ह्ये काढा की," त्या म्हणाल्या.

मालक म्हणाले, "आई, तू कुटं? आमी जातो की वटी घिऊन. तू घरी ऱ्हा."

आत्याबाई बोचकं छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. मला त्यांची कधी दया आली नव्हती, आमचं तसं नातंच नव्हतं, पण त्या वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि ओसरीवरनं खाली आले.

"तितं वटी भरनार कोन?" मी विचारलं.

हलगी थांबली. मालक म्हणाले, "मी."

"तुमी? लुगडं नेसून?"

ते भाईंकडं बघायला लागले. भाईंनी हात वर केले, "वैनी, ह्यात माजं काय चालत न्हाई." पैलवानानं एकदा स्वतःच्या छातीकडं बघितलं आणि मान खाली घातली. मास्तर म्हणाले, "तात्त्विकदृष्ट्या पाहिलं तर..."

"मास्तर, तुमी गप बसा. येवडं नियोजन केलं! पेट्रोल घेतलं, नारळ घेतलं, तूप घेतलं, स्टो घेतला. बाई कुटाय? वटीला बाई लागती ह्ये चौघांतल्या एकाच्याबी डोस्क्यात आलं न्हाई? आन् नवस कुनाचा? 'सून घिऊन ईन' कोन म्हनलं हुतं? सुनंला चुलीपुढं बसवून तिचा चहा पिऊन निघाला व्हय देवीला?"

ओसरीवरनं मामंजींचं हसणं ऐकू आलं. हसता हसता त्यांना उबळ आली, आणि आत्याबाई बोचकं टाकून त्यांच्याकडं धावल्या. खोकला थांबल्यावर मामंजी डोळे पुसत म्हणाले, "देवाला कळलं हुतं. डावा उगीच न्हाई दिला."

हार उतरवले. नवं नियोजन सुरू झालं. आता पाळण्यात आत्याबाई, मालकांच्या मागं मी, नारळाचं पोतं पैलवानाच्या मागं, आणि मास्तरांनी भाईंच्या मागं स्टोव्ह मांडीवर घेऊन बसायचं. त्याआधी पाळण्याची चाचणी घ्यावी असं मास्तरांचं म्हणणं पडलं. मामंजी म्हणाले, पहिला मान माझा. धोतर आवरून, मुंडासं घट्ट बांधून ते पाळण्यात बसले. मालकांनी फटफटी गावाच्या रस्त्यानं काढली. आम्ही सगळे मागनं बघत होतो. वळणापर्यंत छान गेली. वळणावर फटफटी डावीकडं वळली आणि पाळणा मामंजींना घेऊन सरळ गेला.

तो बांध ओलांडून खालच्या भातखाचरात जाऊन थांबला. मामंजी त्यात ताठ बसलेले, दोन्ही हातांनी काठ धरून. आम्ही धावलो. सगळ्यांच्या पुढं आत्याबाई, अनवाणी, पदर सुटलेला, आणि ओरडत होत्या, "आवं, वटी भरू द्या की वो मला! आत्ताच कशाला मरताय!"

मामंजींना काही झालं नव्हतं. ते मोठ्या खुशीत होते. "इमानात बसल्यावानी वाटलं," ते म्हणाले. आत्याबाई खाचराच्या मातीतच बसल्या आणि रडायला लागल्या. मग त्यांनी मामंजींना शिव्या दिल्या, मालकांना दिल्या, सरकारला दिल्या. मामंजी पाळण्यातनं हात बाहेर काढून त्यांच्या डोक्यावर ठेवत म्हणाले, "न्हाई मरत गं. सांगितलंय न्हवं."

पाळणा जोडायला जी लोखंडी पट्टी लागायची ती लष्करी मापाची, पौडात मिळेना, पुण्यात मिळेना. भाईंनी घडवायला घेतली, तोवर लग्नसराई आली. मग गावची जत्रा, मग भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे, आणि मग आमच्याकडचा पाऊस. त्या पावसात माणूस शेजारच्या वाडीला जात नाही, गोव्याला कुठला जाणार? चार महिने फटफटी गिरणीत पोत्यांखाली आणि पाळण्यात आमची कोंबडी अंड्यांवर बसली. मामंजींचा दमा त्या पावसात वाढला. "भात घरात आलं की निगायचं," असं ते रोज म्हणायचे, आणि रोज थोडं हळू म्हणायचे.

भात घरात आलं. आंबेमोहराची पहिली पेंढी मामंजींनी स्वतः झोडली, आम्ही नको म्हणत असताना. ती ओंजळ आत्याबाईंनी गाडग्यात ठेवली. त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मामंजी खाटेवर बसल्या बसल्या गेले. खोकलेसुद्धा नाहीत. आत्याबाई तांब्या घेऊन आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. बायकांनी त्यांच्या बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. मला मामंजींचा राग आला. अजूनही येतो. इतकी वर्षं देवाशी घासाघीस करणारा माणूस, आणि स्वतःच्या वेळेला एक शब्द बोलला नाही.

महिनाभरानं भाई सायकल हाणत पौडाहून आले. दुकानातल्या रेडिओवर सांगितलं होतं, आपलं सैन्य गोव्यात शिरलं, गोवा मोकळा झाला. पैलवानानं मास्तरांना उचलून गरकन फिरवलं. मालक तर ओरडतच आत आले, "आई, गोवा सुटला!" आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या, कपाळ मोकळं, हात मोकळे. "सुटला का?" त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई, लोकांचं." आणि आत जाऊन भांडी घासायला बसल्या.

पुढं कुणी विषय काढेना. मास्तर यायचे ते खडू न घेता. ओसरी इतकी स्वच्छ कधी राहिली नव्हती, आणि मला ती बघवेना. एक दिवस आत्याबाईंनी गाडगं माझ्यापुढं ठेवलं. "भात लाव ह्याचा," म्हणाल्या.

"न्हाई लावनार," मी म्हणाले. "गोव्याला जायचंय."

"तू जा. तुजं कपाळ भरल्यालं हाय. तू भर जा माज्या नावानं. ह्या हातानं आता काय भरायचं?"

"नवस बोलताना काय म्हनला हुता? 'कुकू असलं तर भरीन' म्हनला हुता? न्हाई न्हवं? 'माज्या हातानं' म्हनला. हात हायेत का न्हाईत?"

"तुजं त्वांड लई चालतं."

"चालतं म्हनूनच तुमाला नेतीया. उटा."

त्या उठल्या नाहीत. चार दिवस बोलल्याही नाहीत. पाचव्या दिवशी बघते तर पाळण्यातलं कोंबडीचं गवत झाडून काढलेलं आणि आत घोंगडी अंथरलेली. मी पण काही बोलले नाही. बोलले असते तर त्या परत फिरल्या असत्या.

भाईंनी घडवलेल्या पट्टीनं पाळणा परत जोडला आणि फाल्गुनात निघालो. हलगी नाही, हार नाहीत. तालुक्याच्या शिवेवर पहिला नारळ फुटला आणि आत्याबाईंनी पाळण्याचा काठ धरला तो कोल्हापूर येईपर्यंत सोडला नाही. वाटेत गावोगावची पोरं मागं धावायची. साताऱ्यापुढं एका म्हातारीनं पाळणा बघून मालकांना विचारलं, "आईला दवाखान्यात न्यायलाय का रं?" आत्याबाई आतनं फणकारल्या, "गोव्याला चाललीया, गोव्याला!" ते ऐकून मला बरं वाटलं. मास्तरांचा स्टोव्ह कऱ्हाडजवळ कुठंतरी पडला, तो परत सापडला नाही.

घाट उतरून सरहद्दीवर आलो. ज्या बांबूसाठी महिनाभर ओसरी झिजली, तो रस्त्याकडेला आडवा पडला होता आणि त्याला एक शेळी बांधली होती. पैलवान हिरमुसला. त्यानं तरी जाऊन तो उचलून बघितला. देशाची शीव नेमकी कुठं होती हे तिथल्या चहावाल्यालाही नक्की सांगता येईना, तेव्हा आम्ही दोन्ही नारळ अंदाजानं फोडले.

देऊळ आत्याबाईंनी बरोबर ओळखलं. झाडं वाढली होती, पण पायऱ्या त्याच, म्हणाल्या. पुजारी भला माणूस होता. बोचकं सोडलेलं बघून त्यानं विचारलं, "ओटी कोण भरणार, बाय?" मी आत्याबाईंना पुढं केलं. त्यानं त्यांच्या कपाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सूनबाईनं भरली तर बरं," तो हळू म्हणाला.

"नवस ह्यांचा हाय," मी म्हणाले.

"मग देवीलाच विचारूया." त्यानं ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना लावल्या, हात जोडले आणि विचारलं, विधवा बाईच्या हातची ओटी चालेल का. आम्ही बघत राहिलो. पाकळी पडली. डावी.

आत्याबाई लगेच मागं फिरल्या. "म्हनलं हुतं तुला," एवढंच बोलल्या. मालकांनी मान खाली घातली. आणि मला देवळात, देवीसमोर, कौलाच्या दिवशीचे मामंजी दिसले, काठी टेकत उठणारे.

"थांबा," मी म्हणाले. "पुन्यांदा लावा."

"बाय, देवीनं सांगितलं."

"देवी न्हाई म्हनत नसती. सवाल वाकडा गेला. ह्या कोन हायेत ते इचारू नगा. म्हनावं, ह्या बाईचं प्वार तू वाचीवलंस, ते ह्ये हितं हुबं हाय. तिनं बोललेलं तिच्याच हातनं घेनार का न्हाई?"

पुजारी कसं कोण जाणे, हसला. पाकळ्या परत लावल्या, माझाच सवाल शब्दाला शब्द घातला. किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही. पाकळी हलली आणि पडली. उजवी. मी आधी पैलवानाकडं बघितलं. तो पार मागं खांबापाशी उभा होता, दोन्ही हातांनी नाकतोंड दाबून, लालबुंद झालेला.

आत्याबाई पुढं आल्या. खण ठेवला, नारळ ठेवला, आणि मग मामंजींनी झोडलेल्या आंबेमोहराची ओंजळ देवीच्या ओटीत रिकामी केली. पुजाऱ्यानं त्यातलेच चिमूटभर तांदूळ प्रसाद म्हणून उचलले आणि सवयीनं माझ्याकडं वळला. आत्याबाईंनी आपला पदर पसरला. त्यानं त्यांच्या पदरात टाकले.

परत येताना आमच्या गावाची शीव आली तेव्हा आत्याबाईंनी पाळण्याच्या पत्र्यावर हात आपटून फटफटी थांबवायला लावली. एकट्याच उतरल्या. पोत्यातला उरलेला नारळ दगडावर फोडला, अर्धं भकल नेऊन ओढ्याकडं तोंड करून ठेवलं. ओढ्याच्या पलीकडं आमची मसणवट, मामंजींना तिथंच नेलं होतं. पदराची गाठ सोडून त्यांनी देवीचे तांदूळ त्या भकलात टाकले.

"आले भरून," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं. चार म्हैनं थांबला असता तर काय बिगडलं असतं वो?"

मग पदरानं नाक पुसलं, पाळण्यात येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "चल. घरी गेल्यावर भात मी लावते."